पुरस्काराचा चित्रपट गावात केव्हा येणार?

पुरस्कार मिळालेल्या मराठी चित्रपटाचे आपल्याकडे एक ठरलेले नशीब असते. वर्तमानपत्रात बातमी येते, दिग्दर्शकाचे छायाचित्र छापले जाते, मराठीचा झेंडा दिल्लीत कसा फडकला यावर दोन-चार भाषणे होतात, आणि चित्रपट मात्र फारसा कोणी पाहत नाही. पुढे स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकात त्याचे नाव, साल व दिग्दर्शक अशी एक ओळ पडते आणि आमच्यासारखे विद्यार्थी ती इमानेइतबारे पाठ करतात. एखाद्या कलाकृतीचा याहून सभ्य अपमान दुसरा कोणता असेल?

हे लिहिण्यास निमित्त डॉ. जब्बार पटेल यांच्या चित्रपटांचे. ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ आणि ‘एक होता विदूषक’ या त्यांच्या पाच चित्रपटांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘मुक्ता’ला राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. एवढे यश पदरी असलेले दिग्दर्शक भारतात किती निघतील? पण आमच्या वर्गात सहज चौकशी केली, तेव्हा यांपैकी एकतरी चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेले विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतकेच भरले. ‘जैत रे जैत’ची गाणी सर्वांना ठाऊक होती. चित्रपट ठाऊक नव्हता.

वाचकहो, कोणी म्हणेल, यात बिघडले काय? पन्नास वर्षांपूर्वीचे चित्रपट आजच्या मुलांनी का पाहावेत? माझे उत्तर असे की हे चित्रपट जुने झालेले नाहीत, आणि आमच्या गव्हाणसारख्या गावाला तर ते आजच अधिक लागू पडतात. ते कसे, हे सांगण्यापूर्वी या माणसाच्या आयुष्याकडे थोडे पाहू. कारण त्यांच्या चित्रपटांइतकीच त्यांची कारकीर्दही कलाशाखेच्या विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे.

जब्बार पटेल यांचा जन्म २३ जून १९४२ रोजी पंढरपूरला झाला. शालेय शिक्षण सोलापूरला हरिभाई देवकरण प्रशालेत झाले. सोलापुरातच प्रा. श्रीराम पुजारी यांच्यासारख्या रसिक प्राध्यापकाचा सहवास त्यांना लाभला. साहित्य, संगीत आणि नाटक यांचा संस्कार एका मुस्लिम कुटुंबातील मुलावर एका मराठी प्राध्यापकाच्या घरी व्हावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्या गुरुजनांनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावे! एखाद्या विद्यार्थ्यासाठी घराचे दार उघडे ठेवले तर त्यातून काय निघेल, हे कोणी आधी सांगू शकत नाही.

पुढे ते पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात गेले आणि बालरोगतज्ज्ञ झाले. दौंडला त्यांनी दवाखाना थाटला. त्यांच्या पत्नीही डॉक्टर. दौंड हे रेल्वेचे जंक्शन, आसपास उसाचा मुलूख. दिवसा मुलांचे खोकले-ताप तपासायचे आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीसाठी पुणे गाठायचे. चित्रपटाचे रीतसर शिक्षण त्यांनी कोठेही घेतले नव्हते. पुण्यात प्रभात रोडच्या बाजूला देशातील प्रसिद्ध फिल्म इन्स्टिट्यूट होती, पण हा माणूस तेथला विद्यार्थी नव्हता. त्याची शाळा म्हणजे नाटकाची हौशी संस्था आणि दवाखान्यात येणारी माणसे. खेड्यातील बाई मुलाला कडेवर घेऊन डॉक्टरांपुढे बसते, तेव्हा ती केवळ मुलाच्या तापाबद्दल बोलत नाही. घर, शेत, सावकार, नवरा, सगळेच तिच्या बोलण्यात येते. ‘सामना’तील खेडे ज्याने पडद्यावर उभे केले, त्याने खेडे असे रोज ऐकले असले पाहिजे, असे मला वाटते.

प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेतून त्यांनी विजय तेंडुलकरांचे ‘अशी पाखरे येती’ बसवले, आणि १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. नाना फडणविसांच्या चित्रणावरून वादळ उठले आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. त्या वेळी या मंडळींपुढे दोन वाटा होत्या. गप्प बसायचे, किंवा संस्था सोडून नाटक चालू ठेवायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. १९७३ साली थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन झाली, ‘घाशीराम’ पुन्हा उभे राहिले आणि १९८० साली युरोपात जाऊन आले. हे सारे करणारी माणसे कोण होती? कोणी डॉक्टर, कोणी नोकरदार, कोणी विद्यार्थी. नाटकावर त्यांची चूल पेटत नव्हती, म्हणूनच नाटक बंद पाडण्याच्या धमकीने ती विझतही नव्हती.

मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. आमच्या भागात आजकाल मुलांना सांगितले जाते की कलेच्या नादी लागायचे असेल तर सगळे सोडून मुंबईला जा, नाहीतर बंदरात किंवा विमानतळावर नोकरी धर आणि कला विसर. जणू तिसरी वाटच नाही. डॉ. पटेल यांचे आयुष्य ही तिसरी वाट आहे. स्वतःच्या पोटाची सोय स्वतःच्या विद्येवर करावी, गावाशी संबंध ठेवावा, आणि कलेत कोणाचे मिंधे होऊ नये. अर्थात ही वाट सोपी नाही. त्यासाठी दुप्पट काम करावे लागते. ‘उंबरठा’ १९८२ चा, आणि ‘एक होता विदूषक’ येण्यास १९९२ साल उजाडले, हेही विसरता येत नाही. सवड, पैसा आणि मनाजोगा विषय या तिन्ही गोष्टी एकत्र जुळून येईपर्यंत थांबण्याची तयारी लागते.

आता ‘सामना’कडे वळतो. १९७५ साली पडद्यावर आलेला हा चित्रपट रामदास फुटाणे या चित्रकला शिक्षकाने निर्माण केला. पटकथा तेंडुलकरांची, संगीत भास्कर चंदावरकरांचे. बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याच वर्षी तो स्पर्धेत होता. दौंडचा एक डॉक्टर, एक ड्रॉइंग मास्तर आणि पुण्यामुंबईचे नाटकवाले यांनी केलेला चित्रपट बर्लिनला पोचला, ही गोष्ट आजही कोणाला खरी वाटू नये अशी आहे.

कथा थोडक्यात अशी. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. गावाचा विकास त्याने केला आहे, आणि गाव त्याच्या मुठीत आहे. त्या गावात एक दारूडा, भणंग मास्तर येऊन पडतो. हा मास्तर एके काळी स्वातंत्र्यचळवळीतला माणूस. पाटील त्याला आश्रय देतो, पाहुणचार करतो. मास्तर मात्र हळूहळू एकच प्रश्न विचारू लागतो : मारुती कांबळे नावाचा जो माणूस या गावात होता, त्याचे पुढे काय झाले? बस्स, एवढाच प्रश्न. निळू फुले यांचा हिंदुराव आणि डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर यांच्यातील ही झुंज म्हणजे मराठी पडद्यावरील अभिनयाचा उत्कर्षबिंदू होय, असे मी म्हणेन.

या चित्रपटाचे सामर्थ्य कोठे आहे? हिंदुराव हा राक्षस नाही, यात आहे. त्याने पाणी आणले, कारखाना उभारला, लोकांच्या हाताला काम दिले. म्हणूनच मारुती कांबळेबद्दल कोणी विचारीत नाही. ज्याने दिले त्याला हिशेब कसा विचारायचा? असे वाटण्याइतके गाव उपकारांनी दबलेले आहे. आणि येथेच मला आमचे गव्हाण दिसू लागते.

आमचे गाव पनवेल तालुक्यात, खाडीच्या बाजूला. माझ्या आजोबांच्या पिढीने येथे भात पिकवले, खाजणात मासे धरले, मिठागरात मजुरी केली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ व १७ जानेवारीला जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून आले आणि पुढे ते राज्यभर आदर्श मानले गेले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले. विमानतळासाठी शेजारची दहा गावे उठली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचेही उद्घाटन झाले. ज्या उलव्यात कालपर्यंत भाताची खाचरे होती तेथे आज वीस-वीस मजल्यांचे मनोरे आहेत.

मी विकासाच्या विरुद्ध नाही. गावात पैसा आला, मुले शिकली, मुली महाविद्यालयात येऊ लागल्या. परंतु पैशाबरोबर आणखीही काही आले. भरावाची कंत्राटे आली, डंपर आले, पाण्याचे टँकर आले, जमिनीचे दलाल आले. क्रिकेटच्या सामन्यांना मोटारसायकलची बक्षिसे लागू लागली, हळदीला लाखांचे डीजे वाजू लागले. ज्याच्याकडून हे सारे येते त्याला कोणी काही विचारीत नाही. देवळाचा जीर्णोद्धार ज्याने केला, सामन्याची ढाल ज्याने दिली, त्याचा फलक चौकात लागतो आणि आम्ही त्याखालून जातो. कोणा एका गावाची किंवा माणसाची ही गोष्ट नव्हे. खाडीकाठच्या अनेक गावांत हेच आहे. कोणाचा भूखंड कोणाच्या नावावर गेला, बहिणींच्या सह्या कशा घेतल्या गेल्या, कुळाने कसलेल्या जमिनीचा मोबदला कोणी उचलला, ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्या मिठागरातल्या मजुरांचे आणि खाडीत जाळे टाकणाऱ्यांचे काय झाले? आमच्याकडे मारुती कांबळे एक नाही, पुष्कळ आहेत. मास्तर तेवढा नाही.

‘सिंहासन’ने हीच दृष्टी गावाकडून मंत्रालयाकडे नेली. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि १९७९ साली चित्रपट आला. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, डॉ. लागूंचा अर्थमंत्री, आणि हा सारा खेळ उघड्या डोळ्यांनी पाहणारा निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस. ‘सामना’तला सर्वसत्ताधीश येथे हतबल साक्षीदार झाला आहे! एकाच नटाकडून अशा दोन टोकांच्या भूमिका करवून घेणे हे दिग्दर्शकाच्या नजरेचे काम. हा चित्रपट पाहताना कोणता पुढारी कोणावरून बेतला याची चर्चा पूर्वी फार झाली म्हणतात. ती चर्चा आता निरर्थक आहे. माणसे गेली, खुर्ची तशीच आहे. आज निवडणुकीनंतर रातोरात पक्ष बदलतात तेव्हा आम्हा तरुणांना विनोद सुचतात, मोबाईलवर चित्रे फिरतात. ‘सिंहासन’ पाहिल्यावर हसू येईनासे होते.

‘जैत रे जैत’ हा १९७७ चा चित्रपट तर आमच्याच डोंगरांतल्या माणसांचा आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर आधारलेली ही ठाकरांची कथा. मधमाशीच्या दंशाने डोळा गमावलेला नाग्या डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर धरतो. मोहन आगाशे यांचा नाग्या आणि स्मिता पाटीलची चिंधी विसरता येत नाहीत. ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांविषयी नव्याने काय लिहावे? पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्या सुळक्यावरही आग्या माश्यांची पोळी लटकलेली असतात. हा चित्रपट पाहिल्यापासून मी त्या सुळक्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. आठवडाबाजारात मोळी किंवा रानभाजी घेऊन बसलेल्या ठाकरणीकडे मी त्यापूर्वी कधी नीट पाहिलेच नव्हते, कारण ती नेहमीच तेथे असे.

तरीही येथे माझी एक तक्रार आहे, ती मांडल्यावाचून राहवत नाही. ‘सामना’त सत्तेचा हिशेब मागणारा दिग्दर्शक ‘जैत रे जैत’मध्ये गाण्यांच्या आणि निसर्गाच्या मोहात पडला आहे. ठाकराचे देव, नवस, प्रेम आणि पुण्य येथे आहे. ठाकराची जमीन, जंगलखात्याचा रखवालदार, वीटभट्टीवरची उचल, यांचा भार कथेवर पडत नाही. कादंबरीची प्रकृतीच तशी आहे, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण प्रेक्षकाच्या ओठांवर गाणी राहिली आणि ठाकर विसरला गेला, यात थोडा दोष चित्रपटाचाही आहे. मोठ्या दिग्दर्शकाचा आदर करणे म्हणजे त्याच्याशी भांडण न करणे, असे मी मानत नाही.

‘उंबरठा’विषयी आमच्या वर्गभगिनींनी लिहावे हे अधिक योग्य. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून झालेल्या या चित्रपटातील सुलभा महाजन हे स्मिता पाटीलचे फार मोठे काम आहे. सुखवस्तू घरातील सून महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून परगावी जाते, तेथील व्यवस्थापनाशी झगडते, आणि परत येते तेव्हा घर तिचे राहिलेले नसते. ती पुन्हा बाहेर पडते. आमच्या गावात आजही मुलीने पदवी घेतली तर कौतुक होते आणि नोकरीसाठी परगावी जाते म्हटले तर घरात बैठक बसते. त्या बैठकीत ‘उंबरठा’ दाखवण्याची माझी फार इच्छा आहे!

पुढचे चित्रपट थोडक्यात सांगतो. ‘एक होता विदूषक’ पु. ल. देशपांडे यांनी लिहिला. तमाशातला सोंगाड्या चित्रपटाचा नट होतो आणि राजकारणाच्या मांडवात नेला जातो, अशी ती कथा. लक्ष्मीकांत बेर्डे यांना केवळ हसवणारा नट समजणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. तिकीटबारीवर तो चालला नाही, हे आपल्या रसिकतेविषयी काहीतरी सांगून जाते. १९९४ च्या ‘मुक्ता’त उच्चवर्णीय राजकीय घराण्यातील मुलगी आणि दलित कवी यांच्या प्रेमातून जातीचा प्रश्न समोर येतो. आणि २००० साली प्रदर्शित झालेला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा इंग्रजी चित्रपट म्हणजे या कारकिर्दीचे शिखर. मामुट्टी या केरळच्या नटाने बाबासाहेब उभे केले आणि त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह आपल्याच जिल्ह्यातला. चवदार तळ्याचे पाणी पडद्यावर पाहताना रायगडच्या प्रेक्षकाला जे वाटेल ते इतरांना वाटणार नाही. वयाच्या ऐंशीनंतर, २०२४ साली, शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद डॉ. पटेल यांनी भूषवले. सन्मान करण्यात आपण कमी पडलो नाही. पाहण्यात कमी पडलो.

यावर माझा एक मित्र नेहमी वाद घालतो. त्याचे म्हणणे, असले चित्रपट पुरस्कारांसाठीच काढलेले असतात; दिवसभर राबून आलेल्या माणसाला करमणूक हवी, प्रश्न नकोत. हा आक्षेप मी उडवून लावत नाही. परंतु राबणाऱ्या माणसाला प्रश्न नकोत हे कोणी ठरवले? ज्या आगरी-कोळी बायाबापड्यांनी १९८४ मध्ये पोलिसांच्या बंदुकांसमोर उभे राहून सरकारला प्रश्न विचारला, त्यांना ‘सामना’ कळणार नाही, असे म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांच्यापर्यंत तो नेलाच गेला नाही, ही खरी गोष्ट. पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा तरी येत असे. आता तंबू गेला, पनवेलला मॉलमधील पडदे आले, आणि तेथील एका तिकिटात आमच्याकडे घरातल्या सर्वांची मासळी येते.

याबाबतीत बांगला देशातील तारेक मसूद या दिग्दर्शकाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. लहानपणी मदरशात शिकलेला हा माणूस. त्याच्या ‘माटिर मोयना’ या चित्रपटाला २००२ साली कान महोत्सवात समीक्षकांचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्वदेशात मात्र त्यावर आधी बंदी आली. पण त्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट त्याआधीची. १९७१ च्या मुक्तियुद्धात गाणी गात फिरणाऱ्या कलापथकाचे जुने चित्रण मिळवून त्याने व पत्नी कॅथरीन यांनी १९९५ साली ‘मुक्तिर गान’ हा माहितीपट पुरा केला, आणि मग प्रोजेक्टर घेऊन तो गावोगाव दाखवला. लोक त्याला सिनेमाचा फेरीवाला म्हणू लागले. १३ ऑगस्ट २०११ रोजी रस्त्यावरील अपघातात त्याचा अंत झाला. चित्रपट काढणे हे निम्मे काम आणि तो माणसांपुढे नेणे हे उरलेले निम्मे, हे त्याने ओळखले होते. आमच्याकडे पहिले निम्मे काम डॉ. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून ठेवले आहे. दुसरे कोणी करायचे?

माझे उत्तर सरळ आहे : महाविद्यालयांनी. आपल्या महाविद्यालयात चित्रपट मंडळ असावे. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करीत आले आहे. आपल्याला नवीन काही शोधून काढायचे नाही. वर्षातून चार चित्रपट पुरेत, पण ते सभागृहात न दाखवता गावात दाखवावेत. एक गव्हाणला, एक जासईला, एक कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरवाडीत, एक पनवेलला. हक्कदारांची परवानगी रीतसर घ्यावी. प्रोजेक्टर महाविद्यालयाचा, पडद्याला पांढरी चादर, अंगण देवळाचे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो. एका रात्री पडदा बांधायला काय हरकत आहे? आणि चित्रपट संपल्यावर अर्धा तास कोणी उठू नये, एवढी एकच अट. गावातली म्हातारी माणसे काय बोलतात ते मुलांनी लिहून घ्यावे.

या लिहून घेण्यातच पुढच्या चित्रपटाचे बीज आहे, असा माझा विश्वास आहे. आमच्या गावांत कॅमेरा चालवणारी मुले आज उदंड आहेत. लग्नाचे, हळदीचे चित्रण करतात, ड्रोन उडवतात, आगरी-कोळी गाण्यांचे व्हिडिओ काढतात आणि ते लाखो लोक पाहतात. हात तयार आहे, यंत्र तयार आहे. तेंडुलकर, साधू, महानोर मात्र आमच्याकडे नाहीत. डॉ. पटेल यांचा प्रत्येक मोठा चित्रपट एखाद्या लेखकाच्या खांद्यावर उभा आहे, हे त्यांच्या कारकिर्दीचे सर्वांत स्पष्ट सत्य आहे. मग लेखणी चालवण्याचे शिक्षण घेणारे आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी करतो काय? आमच्या शाखेला काय भवितव्य, असे सारखे विचारले जाते. त्या कॅमेरावाल्या मुलाला सांगण्यासारखी एक खरी गोष्ट लिहून देणे, हे मला आमच्या शाखेचे चांगले भवितव्य वाटते.

विषयांचा तर येथे दुष्काळ नाही. चिरनेरचा २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह आहे. १९३३ पासून सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकऱ्यांचा संप आहे. ८४ चा लढा आहे, आणि त्यात नवरा गमावलेल्या बायांचे नंतरचे आयुष्य आहे. उठवलेल्या दहा गावांतल्या देवांना नव्या जागी नेताना काय झाले, ही एकटीच गोष्ट एका चित्रपटाला पुरेल. सोलापूर जिल्ह्याने मराठी चित्रपटाला पंढरपूरचे जब्बार पटेल दिले आणि पुढे जेऊरचे नागराज मंजुळे दिले. दोघांनीही आपल्या मातीतले अवघड प्रश्न आधी पाहिले आणि मग कॅमेरा लावला. आमच्या खाडीकाठच्या मुलांना ते का जमू नये?

एक भीती मात्र मला आहे आणि ती लपवत नाही. आमच्या गोष्टी माहीत असलेली पिढी आता थकली आहे. खाजणाचे बांध कोणी घातले, कोणत्या खाचराला काय नाव होते, मोर्च्याच्या दिवशी कोण कोठे उभे होते, हे सांगणारी माणसे दर पावसाळ्यात कमी होत आहेत. खाचरे बुजली, आता नावेही बुजतील. मास्तर गावात आला तेव्हा मारुती कांबळेची आठवण असलेली माणसे तेथे अजून होती, म्हणून प्रश्न विचारता आला. आम्ही फार उशीर केला तर विचारण्यासारखा प्रश्न असेल, पण ज्याला विचारायचे तो माणूस उरणार नाही.

म्हणून मंडळाचा पहिला चित्रपट ‘सामना’ असावा आणि तो येत्या १६ जानेवारीला, हुतात्म्यांच्या स्मरणाच्या संध्याकाळी, आमच्या गावात दाखवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. जागा, चादर आणि पाचशे माणसे जमवण्याची जबाबदारी मी घेतो. प्रोजेक्टर आणि परवानगीपत्र महाविद्यालयाने द्यावे. मग पाहू या, गावाला प्रश्न नको असतात की हवे असतात ते!